नाकातले चार बोल्ट

"पप्पा, मोटर लोंबतीय बघा!"

आमचं घरी बनवलेलं, रिमोटवर उडणारं विमान नुकतंच उतरलं होतं. उतरताना नाक मातीला जरासं टेकलं, इतकंच. पोरगी पळत पुढं गेली आणि तिथूनच ओरडली. जाऊन बघतो तर मोटर तीन वायरींवर लटकलेली. दोन स्क्रू गवतात कुठंतरी गेलेले, उरलेल्या दोघांच्या आट्यांत एमडीएफचा भुसा भरलेला. वर असताना सुटली नाही हे नशीब.

मी इचलकरंजीत २२ वर्षं यंत्रमागाचा जॉबर (माग दुरुस्त करणारा) होतो. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाचा त्या टोकाला आपटतो, त्या मागाचे बोल्ट ढिले होतात आणि ते आवळण्यावर आमचं निम्मं पोट. पोरगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मोटर हातात धरून शांतपणे विचारलं, "मागाचं काम असतं तर तुम्ही लाकडी स्क्रू मारले असते?"

मारले नसते. विमान हलकं, खेळण्यासारखं, म्हणून मी हातातली विद्या घरी ठेवून गेलो होतो. त्यानंतर जे शिकलो आणि जे आधीच येत होतं पण वापरलं नाही, ते इथं लिहितोय. आमचं विमान १.२ मीटर पंखांचं, वजन साधारण ९०० ग्रॅम, २२१२ मापाची १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, तीन सेलची बॅटरी, १० इंची प्रॉप (नाकावरचा पंखा). घरी विमान बनवणारे पुष्कळजण याच मोटरपासून सुरुवात करतात. पेट्रोल इंजिनवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी हे वाचून काम करू नये.

बोल्ट तुटत नाही, सुटतो

दुकानात गेलं की पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: मजबूत कुठला? तीन मिमीचा, म्हणजे एम३ चा बोल्ट बघा. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा आकडा) एक बोल्ट सुमारे ३०० किलोच्या ओढीपर्यंत कायमचा ताणला जात नाही. स्टेनलेसचा ए२-७० असला तरी सव्वादोनशे किलो सहज. मोटर सगळा जोर लावून ओढणार किती, तर किलोच्या आत-बाहेर. आणि बोल्ट चार. तेव्हा ताकदीची काळजी सोडा.

त्रास देतो तो थरथराट. १० इंची प्रॉपचं एक पातं दुसऱ्यापेक्षा अर्धा ग्रॅम जड आहे आणि ते वजन मध्यापासून १० सेंमीवर आहे असं धरा. मिनिटाला ८,००० फेरे होत असतील तर त्या अर्ध्या ग्रॅमचा हिसका साडेतीन किलोचा होतो. तोही एका दिशेनं नाही, सेकंदाला १३३ वेळा गोल फिरणारा. हे गणित पोरीनं वहीवर मांडून दाखवलं तेव्हा मी दोनदा तपासायला लावलं. म्हणून बोल्ट घ्यायला जाण्याआधी प्रॉप बॅलन्स करा. गुळगुळीत बारीक सळईवर प्रॉप आडवा टांगा, जे पातं खाली जातं ते मागच्या अंगानं पॉलिश पेपरनं घासा किंवा हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता सुटण्याची गोष्ट. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं प्रयोग करून दाखवलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यानं. जोडलेले दोन तुकडे एकमेकांवर बाजूला घसरायला लागले की आट्यांमधलं घर्षण मोडतं आणि बोल्ट हळूहळू आपोआप फिरतो. तुकडे पुरेसे घट्ट दाबलेले असले तर घसरत नाहीत आणि बोल्टही फिरत नाही. याच कामातून स्प्रिंग वॉशरचा फोलपणाही उघडा पडला. मी २२ वर्षं प्रत्येक मागाला स्प्रिंग वॉशर घातले आणि ते ढिले झाले की पुन्हा आवळले. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

म्हणजे बोल्टनं काय करायचं, तर दोन तुकडे दाबून धरायचे. मोटरच्या बाबतीत हा दाब दोन ठिकाणी लागतो आणि दोन्ही ठिकाणचे रोग निराळे. एक, मोटर आणि तिचा क्रॉस माउंट (मोटरच्या बुडाला लागणारा धातूचा चौफुला), म्हणजे धातूवर धातू. दुसरं, क्रॉस माउंट आणि विमानाची फायरवॉल (नाकातली आडवी लाकडी भिंत, जिच्यावर मोटर बसते), म्हणजे धातूवर लाकूड.

मोटर आणि क्रॉस माउंट

२२१२ च्या बुडाला एम३ ची चार भोकं असतात, दोन समोरासमोरची १६ मिमीवर आणि दोन १९ मिमीवर. त्यामुळं माउंट एकाच पद्धतीनं बसतो. बसत नसला तर ९० अंशात फिरवून बघा, भोक मोठं करत बसू नका. माउंटला भोकाभोवती उतार दिलेला असेल तर त्यात सीएसके (वर सपाट, खाली निमुळत्या) डोक्याचाच अ‍ॅलन, म्हणजे षटकोनी भोकाचा स्क्रू, लागतो. गोल डोक्याचा घातला तर तो उताराच्या काठावर बसतो आणि डोकं वर राहून फायरवॉलला टेकतं.

इथं सगळ्यात मोठी चूक होते ती लांबीची. माझी झाली. सोबतचे स्क्रू हरवले म्हणून मी डब्यातले १० मिमीचे लावले. घट्ट बसले, बरं वाटलं. थ्रॉटल दिल्यावर मोटर कशीतरीच गुरगुरली, धूर आला आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) पण गेला. स्क्रूचं टोक बुडातून आत जाऊन वाइंडिंगच्या तारेला भिडलं होतं. तारेवरचं वार्निश खरवडलं की शॉर्ट.

तर लांबी अशी काढा. माउंटची जाडी व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीनं) मोजा. मग बुडाच्या भोकात व्हर्नियरची मागची बारीक पट्टी घालून आटे किती खोल आहेत ते बघा. दोन्हींची बेरीज ही कमाल लांबी, त्यातून अर्धा मिमी कमी करा. सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, गोल डोक्याची डोक्याखालून, हे विसरू नका. एम३ चा एक फेरा म्हणजे अर्धा मिमी. स्क्रू हातानं आत घालताना फेरे मोजा: सहा-सात फेरे पडले म्हणजे ३ ते ३.५ मिमी आटे धरले, अ‍ॅल्युमिनियममध्ये इतकं तरी हवंच. तीनच फेऱ्यांत थांबत असेल तर स्क्रू आखूड आहे. थोडं आवळलं की आटे निघून हातात येतील.

बसवल्यावर ईएससीची वायर सोडून मल्टिमीटर बझरवर ठेवा. एक टोक स्क्रूच्या डोक्याला, दुसरं मोटरच्या एका वायरला. आवाज आला तर स्क्रू आत कुठंतरी टेकलाय. शिवाय मोटर हातानं फिरवून कानाजवळ धरा, खर्र आवाज नको. हवा तो आकार मिळाला नाही तर स्क्रू कापता येतो: आधी त्यावर नट चढवा, मग हॅक्सॉनं कापा, कानसीनं कड मोडा आणि नट उलटा काढा. नट येता येता आटे साफ करून देतो.

या सांध्याला मागं नट लावायला जागा नाही, म्हणून इथं लॉकटाईट, म्हणजे आटे धरून ठेवणारा द्रव. निळा, मध्यम ताकदीचा, २४३ किंवा २४२. लालच्या नादी लागू नका. लाल सोडवायला बोल्ट बराच तापवावा लागतो आणि तेवढ्यात मोटरचे मॅग्नेट खराब होतील. लॉकटाईट हवा बंद झाली आणि धातू लागला की घट्ट होतो, म्हणून बाटलीत ओला राहतो आणि आट्यांत धरतो. आटे आधी थिनरनं धुवा. थेंब स्क्रूच्या टोकाला लावा, भोकात ओतू नका. ओतला तर आत जाणारा स्क्रू तो थेंब मोटरच्या बेअरिंगकडं ढकलेल. स्टेनलेसवर हळू वाळतो, त्यामुळं रात्रभर ठेवा. फेविक्विक मात्र नको: ठिसूळ असतं, आणि पातळ असल्यानं बेअरिंगमध्ये चढलं की मोटर कायमची गप्प.

माउंट आणि फायरवॉल

आमची मोटर इथंच सुटली होती, त्यामुळं इथं जरा जास्त बोलतो.

लाकूड दबतं. लोखंडावर बोल्ट आवळला की बोल्ट ताणला जातो आणि तो ताण टिकतो. लाकडावर आवळला की लाकूड चेपतं, आज थोडं, उद्या आणखी थोडं, आणि तेवढा ताण निघून जातो. त्यात आमच्याकडचा पावसाळा. प्लायवूड जूनमध्ये फुगतं आणि दिवाळीपर्यंत वाळून बसतं. एमडीएफ तर फुगून परत बसतच नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून फायरवॉलला एमडीएफ नको. ६ मिमीचं चांगलं प्लाय घ्या किंवा ३ मिमीचे दोन तुकडे, एकाचे धागे उभे आणि एकाचे आडवे, अरल्डाईटनं चिकटवून. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी इथं नको, तापलेल्या नाकात ते मऊ पडतं. रात्रभर वाळणारं वापरा.

लाकडी स्क्रू शेवटचा पर्याय, आणि माझ्या मते पर्यायच नाही. तो लाकडाच्या तंतूंना धरून राहतो आणि थरथराट ते तंतू एक-एक कापत जातो. बोल्ट आरपार जायला हवा.

मागं हात पोहोचत असेल तर आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला). नायलॉकमधला नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंत टिकतो, मोटर तेवढी तापत असेल तर तुमची अडचण नटाची नाही. लांबी अशी मोजा: माउंट २, प्लाय ६, मागचा रुंद वॉशर ०.८, नायलॉक नट ४ आणि नटाबाहेर एक-दोन आटे, म्हणजे अजून १. बेरीज १३.८. एवढ्या नेमक्या मापाचा मिळत नाही, १६ चा घ्या. बोल्ट नायलॉनच्या कड्यातून बाहेर आलाच पाहिजे, नाहीतर नायलॉक हा साधा नटच. आणि जो नायलॉक बोटांनी फिरतो तो कचऱ्यात. पाच रुपयांसाठी मोटर घालवायची नाही.

वॉशरला लोक कमी लेखतात. एम३ च्या नटाखाली लाकडावर दाब पडतो तो जेमतेम १५ चौरस मिमीवर. ७ मिमी व्यासाचा साधा वॉशर घातला की दुप्पट जागा, ९ मिमीचा रुंद वॉशर घातला की साडेतीन पट. लाकूड तेवढं कमी चेपतं. मी याच्याही पुढं जातो: फायरवॉलच्या मागं पीसीबीच्या (सर्किटच्या पाटीच्या) काचतंतूच्या पत्र्याची, १.६ मिमी जाडीची, एकच पट्टी बसवतो आणि चारही बोल्ट तिच्यातून नेतो. चार नट एका पट्टीवर बसले की कुठलाच लाकडात रुतत नाही. रिपेरिंगवाल्याकडं मोडकी पीसीबी वजनावर मिळते. पट्टी लावली की मागचा वॉशर लागत नाही, म्हणून लांबीत ०.८ मिमीचीच भर पडते, १६ चा बोल्ट तेव्हाही चालतो.

मागं हात जात नसेल, फ्युजलाज (विमानाचं धड) बंद असेल, तर टी-नट. हा नट प्लायमध्ये मागच्या बाजूनं बसतो, त्याचे दात लाकडात रुततात. मागच्या म्हणजे मागच्याच. पुढून बसवलेला टी-नट प्रॉपच्या ओढीनं दाढेसारखा उपटून येतो, मागून बसवलेला ओढीनं आणखी दाबला जातो. त्याच्या नळीचा व्यास व्हर्नियरनं मोजून तेवढंच भोक पाडा. हातोडीनं ठोकू नका, प्लायचा पापुद्रा फुटतो. पुढून बोल्ट आणि मोठा वॉशर घालून हळूहळू आवळा, नट स्वतः आत ओढला जातो. मग बोल्ट काढून आट्यांना व्हॅसलीन लावा आणि मगच टी-नटाच्या कडेनं अरल्डाईट भरा. व्हॅसलीन विसरलात तर आट्यांत इपॉक्सी जाऊन बसतं. आमच्या पहिल्या विमानाची फायरवॉल त्याच कारणानं फोडावी लागली. वाळल्यावर आटे थिनरनं साफ करा. टी-नटावर नायलॉन नसतो, तेव्हा इथंही निळा लॉकटाईट.

थ्रीडी प्रिंट केलेला माउंट बरेचजण वापरतात. पीएलए, म्हणजे अशा प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांना मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत विमान ठेवलं तर मोटर न चालवताच. आवळलेल्या बोल्टखाली तो हळूहळू वाहून जातो आणि ताण संपतो. वापरायचाच असेल तर भोकात पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी घाला, म्हणजे बोल्टचा दाब नळीवर पडेल. आणि प्लास्टिकजवळ लॉकटाईट नको, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्यानं तडकतात. तिथं नायलॉकच.

भोकं पाडताना फूटपट्टी बाजूला ठेवा. माउंटच फायरवॉलवर धरून पेन्सिलीनं खूण करा, ३.२ चं ड्रिल मारा. भोकाच्या आतून पातळ इपॉक्सी फिरवून वाळल्यावर परत तेच ड्रिल घाला, कडा कडक होतात आणि ओल शिरत नाही. मोटरला दोन-तीन अंश उजवीकडं आणि खाली कल द्यायचा असतो. त्यासाठी एका बाजूच्या बोल्टखाली वॉशर सरकवणारे मी पुष्कळ बघितलेत. दोन भोकांत ४० मिमी अंतर असेल तर दोन अंशांसाठी फक्त १.४ मिमी उचल लागते, म्हणून तो मोह होतो. पण मग माउंटचा हात वाकतो, बोल्टचं डोकं एका काठावर बसतं आणि सगळा दाब त्या काठावर. प्लायची उतरती पाचर घासून घ्या, पूर्ण माउंट तिच्यावर टेकला पाहिजे.

दुकानात

आमच्या गावात नट-बोल्टच्या दुकानात एम३ मागितलं की पहिल्यांदा हसतात. मागाला एवढं बारीक काही लागत नाही. एम३ मिळतो तो इलेक्ट्रॉनिक्सच्या, सीसीटीव्हीच्या दुकानात किंवा मुंबईला नागदेवीत, तेही शंभराच्या पाकिटात. घ्या पाकीट, पुढच्या तीन विमानांना पुरेल.

काळा १२.९ चा अ‍ॅलन चांगला, त्याचं षटकोनी भोक नीट असतं आणि चावी घसरत नाही. मात्र पावसाळ्यात गंजतो. स्टेनलेस गंजत नाही, पण स्टेनलेसवर स्टेनलेसचा नायलॉक जोरात फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून कायमचे जॅम होतात. तेलाचा थेंब लावा आणि हळू फिरवा. (तेल आणि लॉकटाईट एकाच आट्यावर नको, एवढं सांगावं लागू नये, पण सांगतो.) नायलॉनचे बोल्ट पंखांना ठीक, आपटल्यावर तुटावेत म्हणूनच लावतात. मोटरला लावू नका. तुटलेली मोटर म्हणजे फिरतं पातं मोकळं सुटलं.

जुन्या कॉम्प्युटरचे स्क्रू वापरताना सावध. सीडी ड्राइव्हचे एम३ असतात, हार्ड डिस्कचे ६-३२ या अमेरिकन मापाचे, दिसायला भाऊ-भाऊ. खात्री करायला एक ओळखीचा एम३ त्याच्या शेजारी धरून आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडं बघा. फट दिसली की वेगळं कुळ.

चाव्यांचं तेवढं लक्षात ठेवा: एम३ च्या उभ्या गोल डोक्याला २.५ ची अ‍ॅलन की, सीएसके आणि बटण डोक्याला २ ची.

आवळणं आणि बघणं

बॅटरी काढलेली, प्रॉप काढलेला. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे-थोडे. अ‍ॅलन कीची लांब बाजू बोल्टमध्ये आणि आखूड बाजू दोन बोटांत, म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. मनगट वापरायचं नाही. मागाचा हात इथं चालत नाही, हे मला शिकायला चार बोल्ट लागले. लाकूड वॉशरभोवती खड्ड्यासारखं दबायला लागलं की थांबा.

मग पोरीची नेलपॉलिश. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून माउंटपर्यंत एक सरळ रेघ. बोल्ट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. नेलपॉलिश बोल्ट धरून ठेवत नाही, फक्त चुगली करते, आणि चुगलीच हवी असते.

नंतर मोटर मुठीत धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. सगळं नाक एकसंध हलायला हवं. प्रॉप लावा, विमान शेपटीकडून घट्ट बांधा, स्वतः प्रॉपच्या मागं उभे राहा, रेषेत किंवा समोर कुणी नको, आणि अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल. बंद करून बॅटरी काढा आणि रेघा बघा. पहिल्या उड्डाणानंतर, पाचव्यानंतर आणि प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा.

गेल्या रविवारी पाचव्या उड्डाणानंतर डाव्या वरच्या बोल्टची रेघ केसभर सरकलेली पोरीनं दाखवली. बाकी तिन्ही जागच्या जागी. उघडून बघितलं तर वॉशरखाली इपॉक्सीचा वाळलेला थेंब होता, हरभऱ्याच्या सालीएवढा. तो चेपला आणि बोल्ट ढिला झाला. ब्लेडनं खरवडून काढला, नवा नायलॉक घातला, दोन बोटांनी आवळला. रेघ तिनं लाल रंगाची ओढली, जुन्या गुलाबी तीन रेघांत नवी कुठली ते कळावं म्हणून.